शिडाच्या कापडाचे पडदे

लेउवार्डन, १४ ऑक्टोबर १९७६

प्रिय दूवे,

आधी बस, मग वाच. तुझ्या एक्कावन्न वर्षांच्या, विधवा, रविवारची प्रार्थना न चुकवणाऱ्या बहिणीने काल दुसऱ्याच्या घराचं कुलूप तोडलं. म्हणजे तोडलं हेडविगने, मी खुर्ची धरून उभी होते.

हेडविग म्हणजे माझ्याकडे खोली घेऊन राहणारी ती समाजशास्त्रवाली पोरगी. मजुरासारखी विजार घालते आणि तंबाखू वळून ओढते, ती. उन्हाळ्यात तिने बसच्या थांब्यावरून एक बाई आणि तिची दोन पोरं उचलून थेट माझ्या स्वयंपाकघरात आणली. बाईचा डोळा असा होता की मला तिच्याकडे पाहून बटाटे सोलवेनात. पोलीस म्हणाले, घरगुती मामला आहे. आपले पाद्रीबुवा म्हणाले, घरी जा आणि संयम ठेव. मला राग कधी येतो तुला माहीत आहे, आला की मी भांडी घासते. त्या दिवशी घरातली सगळी भांडी घासून झाली तरी राग तिथेच.

अॅमस्टरडॅमला बायकांनी अशा बायांसाठी घर काढलंय म्हणे. मग आम्ही का नाही? एका दंतवैद्याचं घर किती वर्षं रिकामं पडलं होतं. रिकाम्या घरात टेबल, खुर्ची आणि पलंग नेऊन ठेवला की पोलिसांना आपल्याला सहज बाहेर काढता येत नाही, हे हेडविगला पाठ. टेबल तिचं, पलंग माझा, खुर्ची आपल्या बाबाची. त्या खुर्चीवर बसून बाबाने जन्मभर कुणाला साधं ओरडलंही नाही. वर दंतवैद्याची फिरती खुर्ची तशीच आहे, पोरं तिच्यावर गोल गोल फिरतात.

आता कामाचं. एकेका खोलीत तीन-तीन कुटुंबं झोपतात, मध्ये आडोसा नाही. तू शिडं शिवतोस, तुझ्याकडे जुन्या शिडांचं कापड पडून असेल. पलंगांमध्ये टांगायला पडदे शिवून देशील? ते माझ्या घरी पाठव. त्या घराचा पत्ता मी तुला सांगणार नाही, तिथे पुरुषांना मज्जाव आहे. फुगून बसू नकोस, हा नियम पाद्रीबुवांनाही लागू आहे.

तुझ्या रिन्स्केला आणि माझ्या भाचीला, हिल्केला, गोड पापा.

तुझी ताई,
बाउक्ये


लेउवार्डन, ३ फेब्रुवारी १९७७

प्रिय दूवे,

पडदे आले. काय शिवलेस रे! सगळ्या बाया हात फिरवून पाहत होत्या. कुणी म्हणालं, याच्या आड झोपलं तर वादळातही भीती नाही. मी म्हटलं, माझ्या धाकट्या भावाने शिवलेत, आई गेल्यावर मीच त्याला वाढवला. फुशारकी मारली, लपवत नाही. कडा रिन्स्केने दुमडून दिल्या हेही सांगितलं.

तो जास्तीचा मोठा पडदा पाठवलास, तो आम्ही पुढच्या खिडकीला लावला आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. बाहेरून कुणी पाहू नये म्हणून तो दिवसरात्र ओढलेला. महिना झाला आणि समोरचे लाम्मर्टकाका दारात हजर. हे चर्चमधले पंच. काळा कोट, काळी टोपी, कपाळाला आठी. आयुष्यात खोटं बोललेले नाहीत. बायकोने नवी टोपी कशी दिसते विचारलं तर उत्तर द्यायला नको म्हणून फिरायला जातात.

मला वाटलं, आता हाकलतात. ते म्हणाले, "बाई, तुम्ही इथे काय करता ते मी विचारत नाही. पण या गल्लीत खिडकीचा पडदा फक्त मयत झालेल्या घरी ओढतात. तुमच्याकडे महिनाभर मयत चाललंय. अख्खी गल्ली बोलतेय."

"मग काय करू?" मी विचारलं.

"पडदा उघडा. खिडकीत कुंडी ठेवा. आणि कुंडीमागे तुम्ही बसा. तुमच्याकडे पाहून कुणाला काही सुचणार नाही."

अपमान केला की मदत केली, मला अजून उमजलेलं नाही. पण तेव्हापासून मी रोज खिडकीत विणकाम घेऊन बसते, आणि माझ्या पाठीमागे, मधल्या दाराच्या पलीकडे, सगळं घर नांदतं. तुझा मोठा पडदा नुसता बाजूला लटकतोय.

आणखी एक गंमत. आपल्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डबा बंद करतात, तसा मी केला. एका बाईने एक खाल्लं आणि डब्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "घरी विचारल्याशिवाय मला डबा उघडायची परवानगी नव्हती." मी झाकण काढून ठेवलं. आता डबा उघडाच असतो. हेडविग एकटी निम्मा फस्त करते.

रिन्स्केच्या हाताचं प्लास्टर कधी काढणार? जिन्यावरून पडली म्हणतोस. तुमचा जिना उभा आहे हे खरं. पण या घरात येणारी प्रत्येक बाई सुरुवातीला जिन्यावरूनच पडलेली असते.

हे आपलं ओघात लिहिलं गेलं. खोडायला हवं, पण खोडलं की तुला जास्तच दिसेल.

तुझी ताई,
बाउक्ये


लेउवार्डन, २२ नोव्हेंबर १९७९

प्रिय दूवे,

तुझा वाढदिवस छान झाला. केक थोडा कोरडा होता, पण ते मी तिथेच बोलले होते.

तू घराबद्दल विचारलंस, आणि मी पाहुण्यांसमोर काही बोलले नाही. आता ऐक. नगरपालिकेने शेवटी घर आमच्या नावावर चढवलं. ज्या साहेबांनी आम्हाला घुसखोर म्हटलं होतं, तेच फीत कापायला यायचं म्हणत होते. त्यांना समजावताना नाकी नऊ आले, की साहेब, पत्ता गुप्त आहे, फीत कुठे कापणार? उत्तरेकडच्या गावांमध्ये आता अशी आणखी घरं निघालीत. एका घरी जागा नसली की दुसरीकडे फोन करायचा. मागच्या बागेत पोरांसाठी शाळा भरते, पाऊस आला की गोष्टी सांगणारी मास्तरीण वर दंतवैद्याच्या खुर्चीत बसते.

आणि सभा! दूवे, तुला शत्रूच्याही नशिबी नको अशा सभा. दुधाची बाटली कुणी संपवली यावरही मतदान होतं. पण नियम करायला सभा लागतेच. कुणाच्या नातलगांना एका अक्षराची बातमी द्यायची नाही, हा नियम. आणि आपल्यापैकी कुणाच्या नात्यातली बाई आली तर तिला दुसऱ्या गावच्या घरी पाठवायचं, हाही. दुसरा मीच मांडला होता. रक्ताच्या माणसाशी कुणी नीट खोटं बोलू शकत नाही, असं मी तेव्हा छाती पुढे काढून म्हणाले होते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. वाढदिवसाला आम्ही सगळे गोलात खुर्च्या टाकून बसलो होतो. रिन्स्के कॉफी ओतत होती. तू म्हणालास, "राहू दे, तुला जमायचं नाही." हळूच म्हणालास, हसत. ती ओतता ओतता थांबली. किटली तशीच हवेत. तू मान हलवेपर्यंत तिने ती ना खाली ठेवली, ना पुढे ओतली. बाकीचे आपल्या रिवाजाप्रमाणे वाढदिवसाबद्दल एकमेकांचं अभिनंदन करत होते. मी मात्र किटलीकडेच पाहत राहिले. असा थांबलेला हात मी रोज पाहते, दूवे. फक्त तुझ्या घरात तो पाहीन असं वाटलं नव्हतं.

मी चुकत असेन. सारखं तेच पाहून मला सगळीकडे तेच दिसत असेल. लहानपणी तू मांजरीची पिल्लं बुडवू देत नव्हतास, बुडवायचं पिंपच डोक्यावर घेऊन पळाला होतास. मला खरं काय ते लिही. किंवा नको लिहूस. काय हवंय तेच मला कळत नाहीये.

तुझी ताई,
बाउक्ये


लेउवार्डन, ३ मार्च १९८०

प्रिय दूवे,

तुझी तार मिळाली. रिन्स्के आणि हिल्के कुठे आहेत ते मला माहीत नाही. काही कळलं तर कळवीन. वेळेवर जेवत जा.

बाउक्ये


लेउवार्डन, ३ मार्च १९८०, दुपारी

दूवे,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. पण सकाळच्या पत्रात मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशी खोटं बोलले, आणि खरं कुठेतरी लिहिल्याशिवाय मला बसवत नाही.

त्या काल माझ्या दारात आल्या. मी प्रार्थनेला निघाले होते, टोपी डोक्यावर. रिन्स्केचा ओठ फुटलेला. हिल्केच्या खांद्यावर दप्तर, तू तपकिरी शिडाच्या कापडाचं शिवून दिलेलं, मेणदोऱ्याचे दुहेरी टाके घातलेलं. दुसरं काही सामान नाही. मी विचारलं, "काय झालं?" रिन्स्के म्हणाली, "जिन्यावरून पडले." मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, आमच्या घरात जिन्याचं फार वर्षं चाललंय."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. हे सगळं माझ्या भावाच्या घरात, आणि मी इथे खिडकीत बसून दुनियेच्या बाया सांभाळतेय.

मी त्यांना दंतवैद्याच्या घरी नेलं. वर खोलीत गेल्यावर रिन्स्केने पडद्याला हात लावला, कड उलटून पाहिली. "ही मी दुमडलीये," म्हणाली. मग पलंगावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग तुझ्याच पडद्याआड संध्याकाळपर्यंत झोपली.

आज सकाळी सभा झाली. हेडविग म्हणाली, "नियम तुझाच आहे, बाउक्ये. त्यांना ग्रोनिंगनच्या घरी पाठवायचं." बरोबर बोलत होती. पण हिल्केची शाळेची शेवटची परीक्षा मे महिन्यात आहे. परीक्षा देशभर एकच असली तरी ऐन वेळी ग्रोनिंगनला नवी शाळा शोधत बसलो तर पोरगी कोलमडेल. इथल्या मुख्याध्यापकांनी तिला बसवून घ्यायचं कबूल केलंय. शेवटी ठरलं की निकालापर्यंत त्या इथेच राहतील. मीही हात वर केला.

आता रोज मी तुझ्यापासून तुझीच माणसं लपवणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावले तर सांगायचं कुणाला? मला तुझा संताप येतो, आणि तू जेवलास का याचीही चिंता वाटते. दोन्ही एकाच वेळी. हे कसं असू शकतं, कुणी मला सांगेल का?


लेउवार्डन, ११ मे १९८०

प्रिय दूवे,

शुक्रवारी तू आलास ते अजून डोक्यातून जात नाही. दाढी वाढलेली, हातांना मेण. तू स्वयंपाकघरात बसून रडलास. आई गेली तेव्हाही असा रडला नव्हतास. म्हणालास, "ताई, मी वाईट माणूस आहे का?" मी तोंड उघडेपर्यंत तूच म्हणालास, "तीच मला डिवचते." आणि कप आपटलास. कप फुटला. मग काचा वेचून तू त्या कागदात नीट गुंडाळल्यास, कचरा उचलणाऱ्याला लागू नयेत म्हणून.

यातला माझा भाऊ कोणता? कप फोडणारा, की काचा गुंडाळणारा? तू गेल्यावर मी किती वेळ त्या पुडीकडे पाहत बसले.

मला काही माहीत नाही हे मी पुन्हा सांगते. पण इतकं लिहिते, की जीव जाळू नकोस, हिल्के परीक्षेला बसणार आहे. पोरीचं वर्ष वाया जात नाहीये. यापुढे विचारू नकोस.

तुझी,
बाउक्ये


लेउवार्डन, १४ जून १९८०

दूवे,

गुरुवारी काय झालं त्यातलं निम्मं तू पाहिलंस. उरलेलं निम्मं मी सांगते. आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

दुपारी हिल्केच्या शाळेतून फोन आला, पोरगी पास झाली. घरात एकच गिल्ला. रिन्स्के मटकन जमिनीवर बसली. हेडविग केक आणायला धावली. आणि हिल्केने विचारलं, "मग झेंडा लावायचा ना?" गल्लीत दुपारपासून चार घरांवर झेंडे लागले होते, प्रत्येकाच्या काठीला पास झालेल्या पोराचं दप्तर लोंबत होतं. आपल्याकडे ते केल्याशिवाय पास झाल्यासारखं वाटतं का?

सभा बसली. ठरलं, नाही. या घरात कागदोपत्री एकटी म्हातारी राहते, म्हातारीच्या काठीला दप्तर कुठून आलं? हिल्के फक्त "बरं" म्हणाली आणि बटाटे सोलायला गेली. तिचं ते "बरं" ऐकून मला वाटलं, यापेक्षा आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. हा आज्ञाधारकपणा ती कुठे शिकली, ते तुला विचारायची गरज नाही.

तेवढ्यात मागच्या दाराने लाम्मर्टकाका आले. इतकी वर्षं रविवारी धुणं वाळत घालता म्हणून आमच्याशी भांडणारा माणूस. टोपी हातात धरून म्हणाले, "ट्रीन्त्येला आणि मला मूलबाळ झालं नाही. माझ्या काठीला कधी दप्तर लागलं नाही. तुमच्याकडे एखादं जास्तीचं असेल तर..."

आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागलो. नियम आमच्या घराचा होता. काकांच्या काठीबद्दल नियम नव्हता. हेडविगने, सगळ्यांत कडक हेडविगने, पहिला हात वर केला. नियमांत राहण्याच्या नादात माणसं किती मूर्ख होतात ते आता कळतंय. समोरच्या घरावर झेंडा चढला, त्याला तपकिरी दप्तर. हिल्के माझ्याजवळ खिडकीत उभी राहून केक खात ते पाहत होती. तिचा चेहरा मला दिसत होता, दूवे. तो तुला दिसायला हवा होता, असं क्षणभर मला वाटलं.

आणि तू गल्लीच्या टोकाशी दिसलास.

हातात सायकल, मान वर. एकेका झेंड्यापाशी थांबून दप्तर पाहत येत होतास. परीक्षेला बसणार, असं मीच लिहिलं होतं, म्हणजे ती माझ्याजवळच आहे हे तू ताडलंस. निकालाचा दिवस सगळ्या देशाला माहीत असतो. माझ्या त्या एका ओळीने तुला या गावातल्या गल्ल्यांपर्यंत आणलं.

तू लाम्मर्टकाकांच्या दारासमोर थांबलास. टाके ओळखलेस. मी हिल्केचा खांदा दाबला, ती खिडकीखाली बसली, हातात केकची बशी. हेडविग बाकीच्या बायांना आणि पोरांना मागच्या दाराने काढायला लागली. आमच्या खिडकीची वरची झडप उघडी होती, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"माझी मुलगी आत आहे?" तू विचारलंस.

"नाही," काका म्हणाले.

"थापा मारू नका. हे दप्तर मी शिवलंय."

"चांगलं शिवलंय. आणि मी थापा मारत नाही. घरात मी आणि माझी बायको. ये, बघून घे."

तू आत गेलास. मी हिल्केला म्हटलं, "ऊठ, मागून जा, लवकर." ती हलली नाही. म्हणाली, "आत्या, मला बाबाला बघायचंय." दारापाशी रिन्स्के कोट घालून उभी, हातात पोरीचा कोट, बोलवायचा धीर नाही आणि सोडून जायचाही नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आम्हा तिघींची गत.

तू बाहेर आलास.

"मग दप्तर इथे कसं आलं?" आता आवाज चढला होता. मला तो आवाज ओळखीचा नव्हता. हिल्केला होता. तिने दोन्ही हातांनी बशी छातीशी धरली.

"ते सांगणार नाही," काका म्हणाले.

"म्हणजे खोटंच की!"

"नाही. सांगणार नाही म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. जा बाबा, घरी जा."

तू वळलास. आणि समोर मी. कुंडीमागे, विणकाम मांडीवर, साडेतीन वर्षं रोज बसते तशी. माझा एक हात खाली, हिल्केच्या डोक्यावर. तू टोपी काढलीस. का काढलीस? मी तुझी थोरली बहीण म्हणून, की कपाळ पुसायला? तुला सगळं समजलं हे मला दिसलं. तू रस्ता ओलांडायला लागलास.

तेव्हा मी उठले आणि पडदा ओढला. तूच शिवलेला, इतकी वर्षं नुसता बाजूला लटकणारा. त्याच्या कड्या गंजल्या होत्या, मध्येच अडकल्या, मला दोन्ही हातांनी हिसका द्यावा लागला. तू सायकल टाकून धावलास तेवढं दिसलं. मग कापड आडवं आलं.

दार बंद होतं. तुझी पावलं दाराशी थांबली. मला वाटलं, आता लाथ बसणार. दारातली टपालाची फट उघडली आणि तू आतल्या अंधारात म्हणालास, "ताई, तिला सांग..."

आम्ही वाट पाहत राहिलो. तुझा श्वास ऐकू येत होता. मग झडप पडली.

काय सांगायचं होतं रे? परवापासून मी दुसरं काही केलेलं नाही, हाच एक विचार करतेय.

घर त्याच दिवशी रिकामं झालं. एकाला पत्ता कळला म्हणजे सगळ्यांना कळला, असं धरून चालायचं, हाही नियमच. लाम्मर्टकाका गल्लीत दारोदार गेले. कुणी विचारलं, "कोण आहेत या बाया?" की ते म्हणत, "सांगणार नाही. गादी आहे का जास्तीची?" ज्यांनी आमच्या पोरांच्या सायकलींवरून तक्रारी केल्या होत्या, त्यांच्याकडे आज आमची पोरं झोपतात. पाद्रीबुवांनीही आमच्यातल्या दोन बायांना ठेवून घेतलंय, संयमाबद्दल अजून काही बोलले नाहीत.

रिन्स्के आणि हिल्के गेल्या. कुठे ते मला सांगितलेलं नाही, मी विचारलंही नाही. निघताना हिल्के म्हणाली, "बाबा बारीक झालाय. पायच दिसले, पण बारीक झालाय." म्हणजे पडदा ओढल्यावर ती दाराखालच्या फटीतून तुझ्या पावलांकडे पाहत होती. रिन्स्केने मला मिठी मारली. म्हणाली, "ताई, त्याला अधूनमधून जेवायला घाल. पण मला कळवू नकोस."

यापेक्षा तिने तुला शिव्या घातल्या असत्या तर मला काय करायचं ते समजलं असतं.

बाउक्ये


लेउवार्डन, ३० जून १९८०

प्रिय दूवे,

तुझं पत्र आलं. एवढ्या मोठ्या कागदावर दोनच ओळी. फटीतून काय सांगायचं होतं ते तू विसरलास, असं लिहिलंस. आणि खाली, "हिल्केला गणितात किती पडले तेवढं कळव."

मी ते पत्र एप्रनच्या खिशात घालून फिरतेय. बाप आहे, मार्क विचारतोय, त्यात काय एवढं? असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, बाउक्ये, मे महिन्यातही तू अशीच एक निरुपद्रवी ओळ लिहिली होतीस. मार्क कळले की शाळा कळेल का? शाळेवरून दाखला कुठे गेला ते कळेल का? की तुला खरंच फक्त गणिताचं कळायला हवंय, कारण लहानपणी तिला पाढे तूच शिकवलेस, दाभणाने कापडावर टोचून टोचून? मला तुझ्या मनातलं कळत नाही. सहा वर्षांचा होतास तेव्हापासून मला ते तुझ्याआधी कळायचं. आता कळत नाही.

मी सभेला ते मेमधलं वाक्य सांगितलं. कुणी ओरडलं नाही. हेडविगने तंबाखू वळायला घेतला, तो तिच्या हातून सांडला. नगरपालिका आता एका घराऐवजी दोन देतेय, दोन वेगळ्या गल्ल्यांत. लाम्मर्टकाका नव्या मंडळावर आहेत, तिथेही धुण्यावरून भांडतात. घरांचे पत्ते मला ठाऊक नाहीत. माझा पत्ता तुला ठाऊक आहे, म्हणून मीच मागितले नाहीत. मी आता माझ्या स्वयंपाकघरातून फोन घेते. बाया बोलतात, मी ऐकते, आणि पुढचा नंबर देते. जिन्याचं नाव निघालं की मला सगळं समजतं. खिडकी सुटली याचं वाईट वाटतं. साडेतीन वर्षांत मी तिथे बसून किती मोजे विणले असतील.

तुझा मोठा पडदा मी दंतवैद्याच्या घरातून काढून आणलाय. दप्तर काकांकडे होतं, तेही आणलं. हिल्केने ते मागितलं नाही. दोन्ही माझ्या कपाटात आहेत. टाके तसेच घट्ट आहेत, एकही उसवलेला नाही.

तिचे मार्क मला पाठ आहेत, दूवे. गणिताचे तर झोपेतही सांगेन. सांगणार नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर ये. कॉफी असेल, आणि डबा मी उघडा ठेवीन. हवी तेवढी बिस्किटं घे. आई गेल्यावर तुला वाढवलं, ते मी परत घेत नाही. तू आलास तर मी बसेन, तू रडलास तर ऐकेन, तू कप फोडलास तर काचा तू वेचशील. पण तिच्याबद्दल एक शब्द विचारलास, तर मी उठून दार उघडीन आणि तू बाहेर जाशील.

माझ्या खिडकीचा पडदा उघडा आहे. बाहेरून आधी नीट बघ, आणि आत यायचं की नाही ते मगच ठरव.

तुझी ताई,
बाउक्ये